शाळा कोणासाठी, शहाणपण कोणाचं?

(सामुदायिक रेडिओवरच्या भाषणावरून)

 

आज आम्ही तुम्हाला लांबच्या एका देशात नेणार आहोत. देशाचं नाव मेक्सिको. देश लांबचा असला तरी तिथलं पीक रोज आपल्या घरात असतं. मिरची तिकडची, मका तिकडचा, टोमॅटोही तिकडचाच. ‘टोमॅटो’ हा शब्दसुद्धा मूळचा तिथल्या नाहुआत्ल भाषेतला. पाचशे वर्षांपूर्वी पोर्तुगीज गोव्यात आले, त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्याला उतरली, आणि आता तिच्याशिवाय आपलं कालवण होत नाही.

ज्या बायका आपल्या कितीतरी शतकं आधी ही मिरची पाट्यावर वाटत होत्या, त्या काय शिकत होत्या? त्यांना कोण शिकवत होतं? परक्यांचं राज्य आल्यावर त्या शिक्षणाचं काय झालं? आज हेच सांगायचं आहे. विषय मुद्दाम निवडला आहे. गटाच्या बैठकीत हिशोब वाचायची वेळ आली की एखादी मावशी म्हणतेच, “आम्हाला काय कळतंय, आम्ही अडाणी.” माणूस अडाणी कधी ठरतो आणि कोण ठरवतं, हे त्या देशाच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

चुलीजवळची शाळा

आज जिथे मेक्सिको शहर आहे तिथे पूर्वी मोठं तळं होतं. तळ्यातल्या बेटावर तेनोच्तित्लान नावाचं शहर होतं. तिथले लोक स्वतःला मेक्सिका म्हणवत. पुस्तकांत त्यांचं नाव अ‍ॅझ्टेक असंही येतं. स्पॅनिश लोक तिथे 1519 साली पोचले. त्याआधीची गोष्ट आधी ऐकू.

मूल जन्मलं की सुईण त्याला न्हाऊ घालायची आणि त्याच्याशी बोलायची. मुलगा असेल तर त्याची नाळ रणांगणात पुरायला लढवय्यांकडे द्यायचे. मुलगी असेल तर नाळ घरात चुलीजवळ पुरायची. मुलीपुढे टकळी, केरसुणी आणि सूतकामाची टोपली ठेवायची. म्हणजे कोणी काय शिकायचं ते पहिल्याच दिवशी ठरलेलं असायचं.

साधारण 1541 च्या सुमाराला तयार झालेली एक चित्रपोथी आहे, मेंदोसा पोथी नावाची. तिच्यात मुलांचं वाढणं वर्षावर्षानं चितारलं आहे. प्रत्येक वयाच्या मुलाशेजारी त्याच्या वाटणीची मक्याची भाकरी काढलेली आहे. तिसऱ्या वर्षी अर्धी, चौथ्या-पाचव्या वर्षी एक, सहाव्यापासून दीड, आणि तेरा-चौदाव्या वर्षी दोन. काम वाढेल तशी भाकरी वाढते. मुलगा आणि मुलगी दोघांच्या शेजारी भाकरी सारखीच आहे. ताटातली भाकरी लेकीला कमी आणि लेकाला जास्त, असं त्या चित्रात तरी दिसत नाही.

चौथ्या वर्षी आई मुलीला टकळी दाखवते. सहाव्या वर्षी मुलगी सूत काढायला लागते. तेराव्या वर्षी ती पाट्यावर मका वाटून भाकरी करते, आणि चौदाव्या वर्षी मागावर बसते. मुलगा बापाकडून मासे धरायला, होडी हाकायला शिकतो. शिक्षाही चितारल्या आहेत आणि त्या कडक आहेत. अकराव्या वर्षाच्या मुलाला मिरच्यांच्या धुरासमोर धरलेलं दिसतं. आपल्याकडेही मिरचीची धुरी द्यायची धमकी पोरांना ऐकावी लागते, तेव्हा ते चित्र बघून आपल्याला नवल वाटायचं कारण नाही.

शिकवणीत बोलण्यालाही मोठं स्थान होतं. म्हाताऱ्या माणसांची ठरलेली बोधाची भाषणं असत, त्यांना तिकडे ह्वेह्वेत्लातोली म्हणत. लेक जाणती झाली की बाप आणि आई तिला समोर बसवून बोलत. तिला मौल्यवान मण्याची, सुंदर पिसाची उपमा देत. कसं चालावं, कसं बोलावं, सूत आणि स्वयंपाक नीट शिकावा, हे सांगत. ही भाषणं तोंडपाठ असत आणि आईकडून लेकीकडे जात.

आळीतली शाळा

घराबाहेरही शाळा होत्या. शहर आळ्या-आळ्यांत वाटलेलं होतं. आळीतल्या साध्या घरांच्या मुलांसाठी ‘तेल्पोचकाली’ म्हणजे तरुणांचं घर असे. तिथे लढाई शिकवत, आणि लाकडं वाहणं, पाण्याचे पाट दुरुस्त करणं अशी गावकीची कामंही करून घेत. सरदार-पुजाऱ्यांच्या मुलांसाठी ‘कालमेकाक’ ही वेगळी शाळा होती. तिथे पंचांग, आकाशातले तारे, चित्रपोथ्या वाचणं, देवाची स्तोत्रं आणि सभेत बोलणं शिकवत. उपासतापास फार, झोप थोडी.

तिसरी शाळा ‘क्विकाकाली’, म्हणजे गाण्याचं घर. इथे मुलगे आणि मुली दोघेही जात. वय बारा ते पंधराच्या आसपास. संध्याकाळी वयस्क बायका मुलींना घेऊन येत आणि परत पोचवत. गाणी आणि नाच शिकता शिकता देवादिकांच्या आणि पूर्वजांच्या कथा पाठ होत. काही मुली काही काळ देवळात राहून झाडलोट, विणकाम आणि पूजेची कामं करत.

म्हणजे साध्या शेतकऱ्याच्या मुलालाही शाळा होती, आणि मुलीलाही शिक्षणात काही जागा होती. त्या काळी जगात फार थोड्या ठिकाणी असं होतं. तरी त्याला सोन्याचा काळ म्हणायचं आम्हाला धाडस होत नाही. थोरांची शाळा वेगळी आणि गरिबांची वेगळी होती. मुलांना लढाईसाठी वाढवत, आणि लढाईत धरलेल्या माणसांचा देवापुढे बळी जाई. मुलीची वाट चुलीपासून सुरू होऊन बहुतेक वेळा चुलीपाशीच संपत असे. पण एक गोष्ट होती. मुलीला जे शिकवत, त्याला समाज ज्ञान मानत होता आणि त्याला मोल होतं.

हातातल्या ज्ञानाचं मोल

हे मोल किती होतं ते पाहू. मेक्सिकांच्या राज्यात सुती कापडाचे तागे पैशासारखे चालत. जिंकलेल्या गावांना करात कापड द्यावं लागे, हजारोंच्या संख्येनं. हे कापड विणायच्या बायका. कमरेला पट्टा बांधून ओढायच्या मागावर, घरात, मूल सांभाळत. राजाच्या कोठारातलं धन त्यांच्या हातून निघायचं.

बायका वैद्यकीही करत. सुईणपण, जडीबुटी, हाड बसवणं हे त्यांचं काम होतं, आणि अशा बाईला पुरुष वैद्यासारखंच ‘तिसित्ल’ असं नाव होतं. चित्रपोथ्या रंगवणं हे तर मानाचं शिक्षण. एका जुन्या पोथीत पोथी रंगवणाऱ्या बाईचंही चित्र आहे.

आता भाकरीचं ज्ञान ऐका. तिथल्या बायका मका थेट दळत नसत. आधी तो चुन्याच्या पाण्यात उकळून भिजत ठेवायच्या, मग धुऊन पाट्यावर वाटायच्या. चुन्यामुळं साल सुटते, पीठ चिकट होऊन भाकरी चांगली वळते. आणखी एक गोष्ट आता विज्ञानानं दाखवली आहे. मक्यातलं ब-३ नावाचं जीवनसत्त्व तसं अंगी लागत नाही. चुन्याच्या पाण्यानं ते मोकळं होतं आणि अंगी लागतं.

स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण ही रीत नेली नाही. अठराव्या शतकात स्पेन आणि इटलीच्या काही भागांत गरीब लोक नुसत्या मक्यावर जगू लागले आणि त्यांना पेलाग्रा नावाचा रोग झाला. कातडी फुटायची, जुलाब लागायचे, डोक्यावर परिणाम व्हायचा, माणसं दगावायची. तिथल्या शिकलेल्या डॉक्टरांना कारण कळायला खूप वर्षं लागली. मेक्सिकोत पाट्यावर बसणाऱ्या बाईला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. पण काय करायचं ते तिला आईनं शिकवलं होतं. दाणे जहाजात भरताना तिला कोणी विचारलं नाही, कारण तिच्याकडे विद्या असेल असं कोणाला वाटलंच नव्हतं.

राज्य बदललं, शाळा बदलली

13 ऑगस्ट 1521 ला तेनोच्तित्लान पडलं. लढाईच्या जोडीनं देवीची साथ आली आणि माणसं अतोनात मेली. देवळं पाडली, कितीतरी चित्रपोथ्या जाळल्या. जुन्या शाळा देवळांशी बांधलेल्या होत्या, त्या संपल्या.

मागोमाग स्पेनच्या राज्यातून ख्रिस्ती धर्मगुरू आले. पेद्रो दे गांते हा त्यांतला एक, 1523 साली आला. तो नाहुआत्ल शिकला आणि त्याच भाषेत मुलांना वाचन, गाणं आणि कारागिरी शिकवू लागला. 1536 साली त्लातेलोल्को इथे सांताक्रूस नावाचं विद्यालय सुरू झालं. तिथे स्थानिक सरदारांची मुलं लॅटिन, तर्क, संगीत आणि वैद्यक शिकू लागली. ही मुलं इतकी हुशार निघाली की काही स्पॅनिश लोक घाबरले. यांना एवढं शिकवलं तर डोईजड होतील, असं ते उघड म्हणू लागले. पुढे 1555 मध्ये चर्चच्या सभेनं ठरवलं की स्थानिक माणसाला पाद्री होता येणार नाही. शिकायची मुभा होती, पण वरच्या जागेवर बसायची नव्हती. विद्यालयाकडे येणारा पैसा आटला आणि ते हळूहळू मागे पडलं.

दहा वर्षांत बंद पडलेल्या मुलींच्या शाळा

मुलींसाठीही शाळा निघाल्या. 1529 च्या सुमाराला तेश्कोको गावात कातालिना दे बुस्तामान्ते ही स्पॅनिश बाई मुलींना शिकवत होती. पुढे स्पेनच्या राणीनं आणखी शिक्षिका पाठवल्या. मुलींना प्रार्थना, शिवण आणि स्पॅनिश पद्धतीचं घरकाम शिकवत. हेतू असा, की धर्मगुरूंकडे शिकलेल्या मुलांना तशाच वळणाच्या बायका मिळाव्यात.

या शाळा जेमतेम दहा वर्षं चालल्या. आईबाप मुली द्यायला तयार नसत. मेक्सिकोच्या बिशपनं एक कारण लिहून ठेवलं आहे, ते ऐकण्यासारखं आहे. तिथले पुरुष या शाळेतल्या मुलींशी लग्न करायला नको म्हणत. त्यांचं म्हणणं, या पोरी आयत्या बसून वाढल्या, या नवऱ्याला मोजणार नाहीत, आणि आमच्याकडे तर बाईच कमवून नवऱ्याला पोसते.

ताईंनो, यात दोन गोष्टी आहेत. बाईच्या कामावर घर चालतं, हे ते पुरुष स्वतः कबूल करत होते. आणि शिकलेली बायको आपल्याला मोजणार नाही ही भीतीही बोलून दाखवत होते. ही भीती आपल्याला नवी नाही. दोष शाळेचाही होता. मुलीच्या घरात जे ज्ञान चालत होतं, ते या शाळेनं बाजूला ठेवलं. माग नाही, औषध नाही, बाजार नाही. मुलगी घरच्या कामातून उठली, आणि नव्या राज्यात तिला वेगळी जागाही मिळाली नाही. मग कोणती आई मुलीला पाठवील?

1553 मध्ये मेक्सिकोत विद्यापीठ सुरू झालं. त्याच्या दारातून बाईला आत जायची सोय नव्हती.

अक्षर हाती आल्यावर

एवढं ऐकून कोणी म्हणेल, मग ती अक्षरं नकोतच. तसं मात्र नाही. नाहुआत्ल भाषा आता नव्या लिपीत लिहिता येऊ लागली होती, आणि त्या लोकांनी लिहिणं पटकन आपलंसं केलं.

1552 मध्ये मार्तिन दे ला क्रूस या स्थानिक वैद्यानं जडीबुटीची माहिती सांगितली आणि हुआन बादियानो या त्याच्याच लोकांतल्या शिकलेल्या माणसानं ती लॅटिनमध्ये उतरवली. पुस्तकात झाडांची रंगीत चित्रं आहेत. बर्नार्दिनो दे साहागुन या धर्मगुरूनं त्लातेलोल्कोच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारले आणि उत्तरं त्यांच्याच भाषेत लिहून घेतली. बारा भागांचा तो ग्रंथ 1577 च्या सुमाराला पुरा झाला. आईनं लेकीला करायचा उपदेश, वैद्य बाईचं काम, सुईणीचं बोलणं, हे सगळं आज आपल्याला कळतं ते त्या लिखाणामुळं. जे लिहिलं गेलं नाही, ते साथीत मेलेल्या माणसांबरोबर गेलं.

बायकांनी कागदाचा उपयोग कसा केला, तेही बघा. मेक्सिको शहराजवळ कुल्वाकान नावाचं गाव आहे. तिथली 1580 च्या सुमाराची मृत्युपत्रं सापडली आहेत, नाहुआत्ल भाषेत लिहिलेली. त्यांत बायकांची मृत्युपत्रंही बरीच आहेत. घर कोणाला, शेताचा कोणता तुकडा कोणाला, कोणाकडून किती येणं, कोणाला किती देणं, सगळं नोंदलेलं आहे. या बायकांच्या नावावर मालमत्ता होती आणि हिशोब त्यांच्या तोंडावर होता. पण लिहिणारा कारकून पुरुष. बाई बोलायची, तो लिहायचा. त्यानं काय लिहिलं ते वाचून बघायची सोय तिला नव्हती. आपल्या गटातल्या किती जणींनी न वाचता कागदावर अंगठा दिला आहे, ते आपण जाणतोच.

नोटेवरची बाई

शेवटी एका बाईची गोष्ट. सतराव्या शतकाच्या मध्याला मेक्सिकोतल्या नेपान्त्ला गावात हुआना इनेस नावाची मुलगी जन्मली. हुआनाची आई मोठी शेतीवाडी खंडानं घेऊन स्वतः चालवत असे. गडी, पीक, देणंघेणं सगळं तिच्या हातात. मात्र मृत्युपत्र करायची वेळ आली तेव्हा तिला सही करता आली नाही.

त्या काळी काही बायका घरातच लहान मुलींना वाचन आणि शिवण शिकवत. अशा जागेला ‘आमिगा’ म्हणत, म्हणजे मैत्रीण. हुआना तीन वर्षांची असताना बहिणीच्या मागोमाग तिथे गेली आणि बाईंना खोटंच म्हणाली, “आईनं मलाही शिकवायला सांगितलंय.” वाचायला शिकल्यावर तिनं आजोबांची पुस्तकं संपवली. विद्यापीठाबद्दल ऐकलं तेव्हा आईच्या मागे लागली, मला मुलाचे कपडे घाल आणि तिकडे पाठव. आईनं नाही म्हटलं. लग्न करून अभ्यास होणार नाही हे ओळखून 1669 मध्ये ती जोगीण होऊन मठात गेली. तिथे तिनं ग्रंथ जमवले, कविता आणि नाटकं लिहिली. काही गाणी नाहुआत्ल भाषेतही लिहिली.

बाईनं एवढं वाचू-लिहू नये, असं एका बिशपनं तिला बाईचं नाव घेऊन पत्रानं सुचवलं. 1691 मध्ये तिनं लांबलचक उत्तर लिहिलं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, तिला काही महिने पुस्तकं बंद केली होती, तेव्हा ती स्वयंपाकघरात आणि अंगणात बघून शिकली. अंडं तुपात एक रीतीनं वागतं आणि पाकात दुसऱ्या, हे तिनं टिपलं. पोरी भोवरा फिरवत होत्या तर खाली पीठ पसरून भोवऱ्याची रेघ कशी उमटते ते पाहिलं. स्वयंपाकघरातही विद्या आहे, असं ती विद्वानांना सांगत होती. दुसरी गोष्ट, पुरुष शिक्षकाकडे पाठवायला नको म्हणून आईबाप मुलींना घरीच ठेवतात, तर शिकलेल्या वयस्क बायकांनी मुलींना शिकवावं, अशी तिची मागणी होती.

पुढे तिच्यावर दडपण वाढलं. तिनं पुस्तकं सोडली, आणि 1695 मध्ये साथीत आजारी जोगिणींची सेवा करता करता ती गेली. आज मेक्सिकोच्या शंभर पेसोच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

तिच्या मागेही वाट सोपी झाली नाही. 1753 मध्ये मेक्सिको शहरात स्थानिक मुलींसाठी विद्यालय निघालं, 1767 मध्ये वीस्काईनास नावाचं मुलींचं विद्यालय सुरू झालं आणि ते आजही चालू आहे. पण 1770 मध्ये स्पेनच्या राजानं हुकूम काढला की स्थानिक भाषा संपवून सगळीकडे स्पॅनिशच चालावी. ज्या भाषेत आईचा उपदेश आणि बाईचं मृत्युपत्र लिहिलं गेलं, तिला शाळेत जागा उरली नाही. ती बोलणारा माणूस आपोआप अडाणी ठरला.

आपल्या बैठकीसाठी

तेव्हा मावश्यांनो, अडाणी हा शिक्का माणसाच्या डोक्यात काय आहे ते बघून बसत नाही. कोणत्या ज्ञानाला मोल द्यायचं ते ज्याच्या हातात असतं, तो शिक्का मारतो. पण नुसतं हातातलं ज्ञान पुरत नाही, हेही हुआनाच्या आईनं आणि कुल्वाकानच्या बायकांनी दाखवलं आहे. कागद वाचता आला नाही तर आपलंच बोलणं दुसऱ्याच्या हाती जातं. आपल्याला दोन्ही हवं आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत तीन कामं घेऊ या. पहिलं, ज्या अजून अंगठा देतात त्यांच्याशेजारी सही येणाऱ्या बाईनं बसायचं, आणि ठराव मोठ्यानं वाचल्याशिवाय कोणी अंगठाही द्यायचा नाही, सहीही करायची नाही. दुसरं, हिशोबाच्या वहीशेजारी एक वेगळी वही ठेवायची. बियाणं कसं टिकवायचं, कोणती रानभाजी कशी उकळून खायची, बाळंतिणीला काय द्यायचं, हे म्हाताऱ्या बायकांना विचारून त्यांच्याच बोलीत त्यांच्या नावासह लिहायचं. लिहायचं काम शाळेत जाणाऱ्या नातींना द्या. तिसरं, कोणाच्या घरी मुलीची शाळा थांबवायचं चाललं असेल तर तो विषय गटात आणा. आधी मुलीला विचारा, मग घरच्यांशी बोलायला दोघी-तिघी मिळून जा.

वहीत काय काय जमलं ते आम्हाला कळवा. त्यातलं निवडक आम्ही याच कार्यक्रमात, सांगणारीचं नाव घेऊन वाचून दाखवू.